खडखडाटी रस्त्यावरचा दिवा

बुधवार, १७ एप्रिल २०२४

मेकॅनिक डॅरिल म्हणाला गाडीचा दिवा कधी लागतो, कुठे लागतो ते लिहून ठेव, म्हणून ही वही. एकोणीस वर्षं लोकांची पत्रं वाहतेय, पण स्वतः नाताळची कार्डं सोडून काही लिहिलेलं नाही, त्यामुळे अक्षर असं आहे.

तर, आज दुपारी सव्वाबाराला, गावापासून दोनशे दहा किलोमीटरवर, गिअरबॉक्सच्या तेलाचा पिवळा दिवा लागला. गेल्या बुधवारीही लागला होता. लागला की गाडी तिसऱ्या गिअरमध्ये अडकते आणि काही केल्या सुटत नाही. ऑटोमॅटिक गाडी आहे, गिअर तिने आपले आपण बदलायचे असतात. रखडत रखडत शेवटच्या फार्मवर, लास्ट टँकला पोचले. तिथे इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं तर दिवा गायब आणि गाडी एकदम गुणी.

लास्ट टँकला नेव्ह हॉस्किन एकटा राहतो. मालक ॲडलेडला असतात, हा मेंढ्या आणि बोअरचे पंप सांभाळतो. टपालाची पिशवी घेताना तो म्हणाला, "मिसेस टॅप, गाडीचा आवाज आज वेगळा येत होता." मी म्हटलं, गिअरबॉक्स रुसलाय. त्याने मान हलवली. आमचं बोलणं साधारण एवढंच असतं, कारण टपाल खात्याच्या वेळापत्रकात दर फार्मवर दहाच मिनिटं दिलीत.

शुक्रवार, १९ एप्रिल

डॅरिलकडे गाडी नेली. गावात मेकॅनिक तो एकटाच, त्यामुळे त्याचं म्हणणं खरं. त्याने यंत्र जोडलं, यंत्राने सांगितलं की गिअरबॉक्सचं तेल एकशे बावन्न अंशांपर्यंत गेलं होतं. डॅरिलने शीळ घातली. म्हणाला, ग्लेनिस, आतून जळलाय तो, नवा बसवायचा तर गाडीच्या किमतीपेक्षा जास्त जातील. तेल काढून फडक्यावर पुसलं. छान लाल होतं, वासही नव्हता. मी तसं म्हटलं, तर म्हणाला यंत्र खोटं बोलत नाही. चालतोय तोवर दिवा लागला की तासभर थांबायचं, गार होऊ द्यायचा, आणि सगळं लिहून ठेवायचं.

घरी आले तर टपाल खात्याचा फॉर्म येऊन पडला होता. पुढच्या पाच वर्षांसाठी फेरी चालवणार की नाही, ३१ मेपर्यंत कळवा. माझा नवरा केव्ह असता तर त्याने दारातच सही करून टाकली असती. तो गेल्याला चार वर्षं झाली.

रात्री ॲडलेडहून केरिनचा फोन आला. लेकीचं एकच पालुपद. "आई, मागची खोली तयार आहे. बाथरूममध्ये धरायला दांडासुद्धा बसवून घेतलाय." मी एकसष्ट वर्षांची आहे, मला दांडा लागत नाही. पण गिअरबॉक्स जळलाय हे मी तिला सांगितलं आणि तिला आनंद झालेला मला फोनवरून कळला.

बुधवार, २४ एप्रिल

आज मुद्दाम लक्ष ठेवलं. गाडी गच्च भरली होती, कोंबड्यांच्या खाद्याची पोतीच सहा. वाळूच्या चढावर इंजिन एवढं कण्हत होतं की आता दिवा लागणारच असं वाटलं. तिथे काही नाही. पुढे सपाट रस्ता लागतो, लाटालाटांचा, दात खिळखिळे करणारा, अठरा किलोमीटरचा, तिथे लागला. त्यात काही अर्थ आहे असं मला वाटत नाही. डॅरिलसाठी लिहून ठेवते.

लास्ट टँकला तासभर थांबणं आलं. नेव्हला सांगितलं तर त्याने पंपाच्या बेअरिंगचं तापमान बघायचं पिस्तूल आणलं आणि थेट गाडीखाली शिरला. केव्हने गाडीच्या पोटाशी पाण्याची टाकी बसवली होती, स्वतः लोखंडी पट्ट्या वाकवून. ती आडवी येते, त्यामुळे खाली शिरणं म्हणजे कसरत. नेव्ह सहासष्टचा आहे, पण शिरला.

खालूनच म्हणाला, "चौऱ्याहत्तर."

मी विचारलं काय चौऱ्याहत्तर.

"तेल. दीडशे असतं तर इथे हात ठेवता आला नसता. मी ठेवलाय."

मग बाहेर येऊन, धूळ झटकून, त्याने आयुष्यात माझ्याशी केलं असेल नसेल एवढं मोठं भाषण केलं. म्हणाला, तेलात एक सेन्सर बुडालेला असतो, तो तापमान मोजून तारेतून गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो. ती तार कुठे उघडी पडून लोखंडाला टेकली तर कॉम्प्युटरला वाटतं तेल उकळतंय. तो बिचारा घाबरतो आणि गाडी तिसऱ्यात अडकवतो. तेव्हा एक तर तेल तापतंय, किंवा सेन्सर बिघडलाय, किंवा तार. तिन्ही एकेक करून तपासायचं.

मी म्हटलं, डॅरिल म्हणतो यंत्र खोटं बोलत नाही. तो म्हणाला, "यंत्र खोटं बोलत नाही. त्याला जे सांगितलं तेच ते पुढे सांगतं."

तास संपेपर्यंत त्याच्या व्हरांड्यात बसले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. चहा त्याने बरा केला. घरात कप दोनच आहेत आणि दुसरा फडताळाच्या तळातून शोधून, धुऊन आणावा लागला.

बुधवार, १ मे

नेव्हच्या नावाने एक पार्सल होतं. त्याने ते माझ्यासमोरच फोडलं. आत काड्यापेटीएवढं एक यंत्र. स्टिअरिंगखाली खोचलं की तेलाचं तापमान आकड्यात दिसतं. माझ्या गाडीसाठी त्याने टपालाने मागवलं आणि ते आणून दिलं मीच. मला हसू आलं, त्यालाही आलं असावं, त्याच्या चेहऱ्यावर नक्की कळत नाही.

दिवा आजही तिथेच लागला होता, त्याच खडखडाटी पट्ट्यावर. नेव्ह म्हणाला, चला, परत त्या पट्ट्यावर जाऊ. मी चालवत होते, तो आकडा वाचत होता. एकोणऐंशी. ऐंशी. ऐंशी. आणि एक दणका बसला आणि तो म्हणाला, "एकशे बावन्न." मधले आकडे नाहीतच. ऐंशीवरून पापणी लवायच्या आत एकशे बावन्न.

"तेल असं उडी मारून तापत नाही," तो म्हणाला. "किटलीसुद्धा नाही मारत."

मी गाडी परत वळवली. तो म्हणाला उद्या सकाळी घरी गाडी चालू करायच्या आधी यंत्राचा आकडा बघा आणि बाहेरचं तापमान बघा. रात्रभर उभी असलेली गाडी हवेइतकीच गार असायला हवी. दोन्ही जुळले तर सेन्सर चांगला, मग उरली तार.

जाताना फळांचा केक नेला होता. उरला होता म्हणून.

गुरुवार, २ मे

सकाळी साडेसहा. बाहेर सात अंश. यंत्रावर आठ. म्हणजे सेन्सर चांगला. हे कोणाला तरी लगेच सांगावंसं वाटलं. लास्ट टँकला फोन आहे, पण एवढ्यासाठी काय फोन करायचा. बुधवारी सांगेन.

बुधवार, ८ मे

दिवा लागला. खडखडाटी पट्टा, सुरुवातीलाच.

नेव्हने मला गाडीत बसवून आकडा वाचायला लावलं आणि स्वतः खाली आडवा झाला. खालून एकेका जागी तारांचा जुडगा हलवायचा आणि विचारायचा, आता किती. एकोणऐंशी. आता? एकोणऐंशी. आता? असं बराच वेळ चाललं. मध्ये एकदा मी "एकशे बावन्न!" म्हणून ओरडले. खालची हलवाहलव थांबली. मी विचारलं सापडलं का. तो म्हणाला, "बघतोय."

मग पन्नास मिनिटं तो खालीच होता. मी व्हरांड्यात बसून राहिलेला केक संपवला. बाहेर आला तेव्हा माझ्याकडे बघत नव्हता, हात पुसत होता. म्हणाला, एक जोड होता तो साफ केलाय, तरी लगेच काही सांगता येणार नाही, अजून तीनचार आठवडे आकडे घ्यायला हवेत. दर फार्मवर थांबल्यावर एक आकडा, आणि इथे तासभर थांबून गार होताना दर दहा मिनिटांनी एक. मी वहीत तसे रकाने आखले. नेव्हसारखा माणूस काळजी वाटल्याशिवाय एवढं मोजायला सांगणार नाही, म्हणून मला काळजी वाटते.

बुधवार, १५ मे

दिवा नाही. आकडे: ७१, ७४, ७६, वाळूच्या चढावर ८३, खडखडाटी पट्ट्यावर ७८, ७९, ७८. मी तो पट्टा जीव मुठीत धरून तीसच्या वेगाने पार केला, सगळा वेळ आकड्याकडे बघत. रस्त्यात एक एमू आडवा आला तोही दिसला नाही वेळेवर.

लास्ट टँकला गार होतानाचे आकडे: ७५, ७०, ६६, ६१, ५७, ५३. नेव्हने ते चष्मा लावून, गंभीर चेहऱ्याने त्याच्या कागदावर उतरवून घेतले. मध्ये दहा दहा मिनिटं रिकामी असतात, त्यात त्याने बोअर क्रमांक चारची कथा सांगितली आणि मी केरिनच्या दांड्याची. तो हसला. नेव्ह हॉस्किन हसतो. त्याची बायको तीस वर्षांपूर्वी सिडनीला निघून गेली हेही आज कळलं. त्याने ते बोअरच्या पंपाबद्दल सांगावं तसं सांगितलं, कधी बंद पडला आणि का.

गावात पोचायला साडेपाच वाजले. टपाल कचेरीतली शिर्ली दारात उभी होती. म्हणाली, "हल्ली फार गार करावी लागते गं तुझी गाडी." मी म्हटलं, गंमत नाहीये शिर्ली, गिअरबॉक्स जायला आलाय. ती म्हणाली बरं बरं, आणि लिपस्टिक छान आहे. ओठ फुटलेत म्हणून लावते मी, हवाच तशी आहे.

सोमवार, २० मे

डॅरिलला आकडे दाखवले. तो म्हणाला, असंच असतं, मरायच्या आधी गिअरबॉक्स काही दिवस शांत होतो. त्याच्या मामाच्या गाडीचं असंच झालं होतं. आणि नेव्ह अजून मोजायला सांगतोय ना, म्हणजे त्यालाही खात्री नाही.

हे मला पटलं. नेव्हला खात्री असती तर तो बोलला असता. उगाच बोलणारा माणूस नाही तो, आणि म्हणूनच त्याचं न बोलणं जास्त बोचतं. भर रानात गाडी बसली तर फोन लागत नाही, आठवडाभर तिकडे कोणी फिरकत नाही. केव्ह होता तेव्हा आम्ही दोघं असायचो.

केरिनला फोन केला. म्हटलं, बहुतेक येईन. ती रडलीच. मला मात्र रडू आलं नाही, काहीच आलं नाही, ते बरं वाटेना.

बुधवार, २२ मे

दिवा नाही. ७२, ७५, ७५, चढावर ८४, पट्ट्यावर ७९, ८०, ७९.

नेव्हला सांगितलं. आकडे घेऊन झाल्यावर, चहा पिताना, म्हटलं महिनाअखेरीला फॉर्म पाठवतेय, फेरी सोडते, जूनअखेर शेवटची.

तो कप हातात धरून बसला. मग म्हणाला, "आकडे चांगले आहेत, मिसेस टॅप."

"चांगले आहेत तर तीन आठवडे कशासाठी मोजतोय आपण? तुलाच भरवसा नाही. या गाडीचा भरवसा नाही म्हणजे फेरीचाही नाही, दुसरी गाडी घेण्याचं बळ माझ्यात नाही. वाटेत बसले तर मला शोधायला येणार कोण?"

"मी येईन."

"तुला कळणार कसं?"

त्याने कप खाली ठेवला. टपालाची पिशवी आणतो म्हणून आत गेला. पंचवीस मिनिटं आला नाही. मी हाक मारायला उठणार तेवढ्यात पिशवी कुलूप लावून घेऊन आला. हाताला अगदी हलकी लागली, आत एखादंच पत्र असेल. पंचवीस मिनिटं एका पत्राला. मला राग आला. एकोणीस वर्षांची फेरी संपतेय हे मी सांगितलं आणि हा माणूस आत जाऊन पत्रव्यवहार करत बसला.

कचेरीत शिर्लीने कुलूप काढून पिशवी झटकली. खरंच एकच पत्र पडलं. तिने ते उचललं, बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा पत्राकडे बघितलं. मी विचारलं काय झालं. म्हणाली काही नाही, नियम म्हणजे नियम, आणि ते ॲडलेडच्या गोणीत टाकलं. आमच्याकडे समोरच्या घराला पत्र लिहिलं तरी ते चारशे किलोमीटर जाऊन, शिक्का घेऊन, पुढच्या गुरुवारच्या ट्रकने परत येतं. शिर्ली कोणासाठी नियम मोडत नाही. पण तिचा चेहरा दाढ दुखत असल्यासारखा झाला होता.

मंगळवार, २८ मे

फॉर्म भरायला बसले. फेरी सोडण्याचं कारण: गाडी नादुरुस्त. खाली रकाना: बिघाडाच्या तारखा लिहा.

म्हणून ही वही उघडली आणि तारखा उतरवायला लागले. १० एप्रिल, १७ एप्रिल, २४ एप्रिल, १ मे, ८ मे. मग १५ मे, दिवा नाही. २२ मे, दिवा नाही. तोच रस्ता, तेवढाच बोजा, तोच पट्टा. आकडे आधीही चांगलेच असायचे, पण पट्ट्यावर उडी मारायचे, ते ८ तारखेनंतर एकदाही नाही. आणि ८ तारखेला, उडी कुठून येते ते सापडल्यावर, नेव्ह पन्नास मिनिटं गाडीखाली होता. एक जोड साफ करायला पन्नास मिनिटं लागत नाहीत.

ताडपत्री पसरली आणि खाली शिरले. गुडघ्याने शिव्या दिल्या. केव्हच्या टाकीपाशी बघितलं तर तारांच्या जुडग्याला नवी काळी टेप गुंडाळलेली होती, नीट, एकसारखी, नेव्हच्या हाताची. जुडगा पूर्वी टाकीच्या पट्टीला चिकटून जात असणार, आता वळवून दुसऱ्या बाजूने नेला होता आणि तीन जागी बांधला होता. पट्टी तशीच होती, तिच्या काठावर एक जागा घासून चकचकीत झालेली. वर्षानुवर्षं खडखडाटी रस्त्यावर केव्हची पट्टी ती तार कुरतडत होती. केव्हला त्या पट्ट्यांचा केवढा अभिमान. गॅरेजवाल्याला पैसे कशाला, म्हणायचा, आपण काय हात नसलेले आहोत? आमच्याकडे सगळे असंच म्हणतात आणि सगळ्यांच्या गाड्यांखाली असल्या पट्ट्या आहेत.

तिथेच पडून राहिले थोडा वेळ. केव्हची आठवण आली आणि त्याचा जरा रागही आला, आणि मेलेल्या माणसावर रागावता येतं याचं बरं वाटलं.

खरा राग नंतर आला. ८ मेलाच दुरुस्त झालं होतं! तार सापडली, जोडली, संपलं. आणि मी तीन आठवडे रकाने आखतेय, जीव मुठीत धरून तीसच्या वेगाने चालवतेय, लेकीला येते म्हणून सांगितलंय. त्याने न बोललेल्या एका वाक्यापायी माझं सगळं आयुष्य मी बांधून ॲडलेडला पाठवणार होते. त्याने मला खुळ्यात काढलं. का, ते माझ्या डोक्यात शिरत नाही. स्वतःचं काम पक्कं आहे का याची शंका असेल तर तसं म्हणायचं.

फॉर्म फाडला नाही. खोडून "चालवणार" केलं. ते गाडीसाठी. नेव्हचा त्यात काही संबंध नाही.

बुधवार, २९ मे

पट्टा सत्तरच्या वेगाने पार केला. दिवा नाही. आकडा बघितला नाही.

लास्ट टँकला दहा मिनिटं थांबले, घड्याळ बघून. नेव्हने टेबलावर कप मांडून ठेवले होते, कागद-पेन्सिलही. मी गाडीतून उतरले, पिशवी दिली, पिशवी घेतली. म्हटलं, वेळापत्रकात दहा मिनिटं आहेत.

तो उभा राहिला. मग हळूच विचारलं, "टपालात बाकी काही आलं नाही?"

मी म्हटलं, "तुझं जे आहे ते पिशवीत आहे."

"माझं नाही म्हणत मी," तो म्हणाला. पण मी गाडी चालू केली होती. आरशात दिसला, फाटकाशी, हातात पिशवी घेऊन तसाच उभा. वाईट वाटायला नको होतं, वाटलं.

गुरुवार, ३० मे

ट्रक आला. शिर्ली स्वतः पत्र घेऊन माझ्या घरी आली. अशी ती कधी येत नाही. दारात म्हणाली, "आठ दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही गं. आता वाच तरी." आणि निघून गेली.

पत्रावर लास्ट टँक, २२ मे. म्हणजे त्याच्यापासून ते मीच घेऊन निघाले होते, माझ्याच गाडीतून, माझ्याच पायाशी. इथे उतरवून ठेवते, कागद हरवायला नको.

"ग्लेनिस,
तू बाहेर बसली आहेस आणि हे मला तोंडाने सांगता येत नाहीये. बिघाड ८ तारखेला काढला. तारेचं वेष्टण घासून उघडं पडलं होतं. केव्हच्या पट्टीने घासलं हे तुला सांगायचं माझ्या जिवावर आलं, त्याचं काम चांगलं असायचं. पट्टीला हात लावला नाही, तारच बाजूने नेली. ते एक कारण. दुसरं असं की दुरुस्त झालं म्हटलं असतं तर तू पुन्हा दहा मिनिटांत गेली असतीस. म्हणून मोजायला लावलं. तू त्यापायी फेरी सोडशील हे माझ्या ध्यानात आलं नाही. गिअरबॉक्स ठणठणीत आहे, अजून दोन लाख किलोमीटर चालेल. फेरी सोडायची तर सोड, पण गाडीमुळे नको. पत्र वेळेत पोचेल अशी आशा आहे. आकडे मात्र सगळे खरे होते.
नेव्हिल हॉस्किन"

तीनदा वाचलं. काल मी त्याला दहा मिनिटं दिली. तो विचारत होता ते हे. आणि मी म्हटलं, तुझं जे आहे ते पिशवीत आहे.

आता या वहीत गाडीबद्दल लिहिण्यासारखं काही उरलेलं नाही. तरी लिहितेय.

शुक्रवार, ३१ मे

केरिनला फोन केला. येत नाही म्हटलं. ती म्हणाली, आणि गिअरबॉक्स? मी म्हटलं, तार होती. ती म्हणाली, आई, खरं कारण सांग. मी म्हटलं, माझं काम मला आवडतं आणि मला अजून दांडा लागत नाही, आणि तुझ्याकडे नाताळला दोन आठवडे येईन, एकटी किंवा कशीही. "कशीही" म्हणजे काय विचारत होती, तेवढ्यात मी फोन ठेवला.

फॉर्मच्या मागच्या पानावर वेळापत्रकात बदल हवा असल्यास कारणासह नोंदवा असं आहे. एकोणीस वर्षांत ते पान आम्ही कधी भरलं नव्हतं. आज भरलं. शिर्लीने वाचून, चार वाजायला पाच मिनिटं असताना शिक्का मारला. चेहऱ्याची दाढदुखी एकदम बरी.

बुधवार, ५ जून

नेव्ह फाटकाशी होता. टेबलावर आज कप नव्हते. स्वच्छ शर्ट होता आणि माझ्याकडे न बघता पिशवी पुढे केली.

मी इंजिन बंद केलं. म्हटलं, "पत्र मिळालं. गुरुवारी."

"उशीर झाला," तो म्हणाला.

"झाला. मी जवळजवळ निघालेच होते, नेव्ह. तू माझी आयुष्यभराची फेरी घालवली असतीस."

"ठाऊक आहे. वाईट वागलो."

"हो, वागलास."

असं म्हटल्यावर मला बरं वाटलं आणि मग त्याची कीव आली, कारण तो खरंच टोपी हातात धरून उभा होता. मी फॉर्मची प्रत काढून दिली. त्याने चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागला, तो काहीही वाचतो तसं. आठ फार्म, प्रत्येकी दहा मिनिटं. लास्ट टँक, एक तास. कारण: गिअरबॉक्सचं तेल गार होण्यासाठी.

तिथे तो थांबला. मग अगदी गंभीरपणे म्हणाला, "पण ग्लेनिस, ते तेल तापतच नाहीये."

"हे तू आठ मेला सांगायचंस," मी म्हटलं. "आता पाच वर्षांची सही झालीय."

त्याने कागदाची घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि किटली चढवायला आत गेला.